राणूला ऐकू येत नव्हतं

देवमननं चाळीस वर्षं तेल्हाऱ्याच्या बाजारात सरकीची पोती वाहिली. त्यामुळे बसून होणाऱ्या कामाला तो काम म्हणत नसे. मुलगी शालू अकोल्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. बापाच्या मते ती बटण दाबायची. आणि दर रविवारी दुपारी मित्रमैत्रिणींत बसून ती जो खेळ खेळायची, तो तर निव्वळ रिकामटेकडेपणा.

डोळा दाखवायला म्हणून तो शनिवारी अकोल्याला आला आणि मुक्कामी राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीपर्यंत वेळ होता. शालू त्याला सोबत तिच्या मित्राच्या, योगेशच्या घरी घेऊन गेली.

चटईवर चौघं बसली. मधे स्टीलचं ताट, ताटात वीस बाजूंचा फासा. योगेश खेळ चालवत होता. रान कसं आहे, कोण चालून येतं, हे तो सांगायचा. बाकी तिघांनी आपापलं एक माणूस घडवलं होतं. त्या माणसानं काय केलं ते त्यांनी सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवायचा.

शालूचं माणूस म्हणजे राणू. व्यापाऱ्यांच्या काफिल्याची राखणदार, जन्मापासून बहिरी. तीन वर्षं शालूनं तिला जगवली होती.

"अन् मेली तं?" देवमननं विचारलं.

"मेली तं मेली, बाबा. परत येत नाही."

"मंग दुसरी राणू घ्यायची."

शालूची मैत्रीण प्रतीक्षा हसली. "काका, तुमी दुसरी शालू घ्यान काय?"

खेळ सुरू झाला. राणू पुढे, खाली झऱ्यावर. प्रतीक्षा आणि तिसरा खेळाडू स्वप्निल यांची माणसं मागे टेकडीवर. योगेशनं आवाज खाली आणला.

"झाडीतून सहा पायांची वाघीण निघाली. राणूच्या पाठीशी. टेकडीवरून तुमाले दिसते. राणूले दिसत नाही."

"राणू! मांग पाह्य!" स्वप्निल ओरडला. प्रतीक्षाही ओरडली. ओरडणारी माणसं दूर टेकडीवर होती, पण गळे इथले, शालूपासून हातभर अंतरावरचे. शालू समोर भिंतीकडे पाहत होती.

"राणू वाकून मशकीत पाणी भरते," ती म्हणाली.

"अवं, सहज मांग पाह्यलं म्हन ना! माणूस सहज पाह्यतेच," स्वप्निल म्हणाला.

"तू ओरडाच्या अगोदर ती पाह्यत नोती. तिले तुझं ओरडणं ऐकू आलं नाही. मंग आता काहून पाहीन?"

"पन तुले तं माहीत आहे!"

"मले आहे. तिले नाही."

देवमनला राहवलं नाही. तीन वर्षं जगवलेली बाई अशी फुकट जाणार! तो गुडघ्यावर उठला आणि भर बाजारात मारायचा तशी हाक त्यानं मारली, "शालू! मांग वाघीण आहे, बाई!"

या हाकेसरशी ही पोर लहानपणी ताटावरून उठून धावत यायची. आज मान वळली नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

मग त्याला तिची मान दिसली. शीर ताठ झाली होती. पोतं पाठीवर घेऊन फळी चढताना हमालाची होते, तशी. कपाळावर घाम होता. पंखा तर चालू होता. देवमनला वजन नजरेनं कळायचं. माणूस किती पेलून आहे, हे तो लांबून सांगायचा. पण हे ओझं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. बापाची हाक कानात शिरली होती आणि पोरीनं ती तिथंच धरून ठेवली होती. राणूपर्यंत जाऊ दिली नव्हती. आपल्याला हे एक घटकाही झेपलं नसतं, एवढं त्याला कळलं. तो हळूच खाली बसला.

"फासा टाक," योगेश म्हणाला. "बारा किंवा वर आला तं वाचते."

फासा ताटात खडखडला. चार.

योगेशलाच बोलावं लागलं. "राणू गेली."

शालूचे डोळे भरले. "मशक भरून झाली होती काय?"

"हो. भरली होती."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिनं ओढणीनं मान पुसली.

देवमन तिच्याजवळ सरकला. "आता?"

"आता नवी बाई घडवायची. पहिल्यापासून."

"तिले ऐकू येईन?"

"येईन."

"मंग झऱ्यावर वाघीण आहे, हे तिले माहीत राहीन?"

"कसं राहीन, बाबा? ती आजच आली."

"म्हंजे तू पुन्हा त्याच झऱ्यावर जाशीन?"

"तिले तहान लागली तं जाईन."

देवमन पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिला. एसटीची वेळ होत आली होती. प्रतीक्षानं तशी आठवणही केली. त्यानं ऐकलं आणि तो जागचा हलला नाही. शालूनं नवा कोरा कागद पुढे ओढला, तसा त्यानं त्यावर आपला जाड पंजा ठेवला.

"लगेच नको उचलू, माय," तो म्हणाला. "आधी दम खाय."