धम्मपाल सरांचा चौदावा सामना

डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत पंपांची देखभाल करणाऱ्या धम्मपाल सरांना बेसबॉलचं वेड होतं. वीस वर्षं स्थानिक संघटनेचे तेच सचिव, तेच पंच आणि बऱ्याचदा प्रेक्षकही तेच. मग कुणीतरी बेसबॉलची व्यावसायिक लीग काढली, बाळकुमचे बिल्डर दौलतशेठ यांनी ‘ठाणे तुफान’ हा संघ घेतला आणि सर प्रशिक्षक झाले.

तुफान तेरा सामन्यांत तेरा वेळा शमलं. खेळाडू शेठनी टेनिस बॉल क्रिकेटमधून उचलले होते. “बॉल हाणायचा नि पळायचं, त्यात शिकायचंय काय?” हा त्यांचा अभ्यास. चौदावा, म्हणजे शेवटचा सामना हरलात तर पुढच्या वर्षी प्रशिक्षक दुसरा, हे त्यांनी सरांना चहा पाजून सांगितलं.

शेवटच्या डावात दोन्ही संघांच्या धावा सारख्या. तुफानला एकच हवी. टेंभी नाक्याच्या साईनाथने बॉल असा टोलावला की समोरचे शोधतच बसले. तो सुसाट पळाला, तिन्ही बेस ओलांडले. टाकून पळायची ती बॅट मात्र हातातच! शेवटच्या बेसला पाय लावायचा असतो. हा पठ्ठ्या दोन फूट अलीकडे थांबला, वाकून बॅट अलगद बेसवर टेकवली आणि पब्लिककडे वळून हात हलवू लागला. तोवर बॉल सापडून परत आला होता; समोरच्यांच्या कॅचरने मागून येऊन शांतपणे तो त्याच्या पाठीला लावला. आउट. मग जादा डाव झाला आणि तुफान रीतसर हरलं.

“अरे, बॅट आत होती ना!” अख्खं मैदान पेटलं. शेठ तक्रारीचा कागद घेऊन आले.

“सर, मॅच चोरली आपली. सही मारा. पुढच्या वर्षी पण तुम्हीच.”

कागदात ‘क्रीझ’ हा शब्द पाच वेळा होता. बेसबॉलमध्ये क्रीझ नसते.

“शेठ, आउट होता तो.”

“पण बॅट…”

“बॅट चालत नाही. पाय लागतो.”

“वीस वर्षांनी एक टीम भेटली तुम्हाला. ती पण पायापायी घालवणार?”

सरांनी पेन परत दिलं.

शेठनी तिथल्या तिथे साईनाथला प्रशिक्षक नेमलं. खेळ कळणारा माणूस हवा, म्हणाले.

मंगळवारी सर कंपनीत पंप उघडून बसलेले, तेवढ्यात नव्या प्रशिक्षकाचा फोन आला.

“सर, रागावू नका ना. पळताना ती बॅट नक्की कुठे टाकायची?”

सरांनी हात पुसले, स्टूल ओढलं आणि सांगायला सुरुवात केली.