धोट्याची पूजा

दसऱ्याला नवागामच्या कामगारवस्तीतल्या आमच्या खोलीत अजूनही धोटा, मागावर आडवा दोरा ओवणारा, पुजतात. वडील ज्या मागांवर राबले ते केव्हाच भंगारात गेले. मालकाने बिनधोट्याची नवी यंत्रं आणली आणि तीस वर्षं माग चालवलेल्या कारागिराला म्हणाला, "आता आराम करा." घालवायचं असलं की किती गोड बोलतात लोक! वडिलांनी येताना एक झिजलेला धोटा तेवढा आणला. त्याला दरवर्षी हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान.

मी साड्यांच्या छपाईची डिझाइनं काढते. गेल्या वर्षी छपाई कारखान्याच्या गुजराती शेठने युरोपातल्या तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या कोरीव चित्रांच्या प्रती नक्षीसाठी दिल्या. त्यांत घरातली साधी वस्तूसुद्धा उपदेश करायला बसलेली. साबणाचा बुडबुडा म्हणजे पोकळ दिमाख, मेणबत्ती म्हणजे विझत चाललेला जीव, कवटी म्हणजे तर सरळ मरणच. शेठ म्हणाले, "खोपरी काढी नाखो, बीजुं बधुं चालशे." मरण तेवढं पदरावर नको होतं त्यांना.

एका चित्रात कवटीशेजारी चक्क धोटा होता. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. माझ्या कामाकडे वडिलांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, रेघोट्या म्हणायचे. हे चित्र तरी त्यांना पाहावंच लागेल, म्हणून मी दसऱ्याला ते धोट्याशेजारी पाटावर ठेवलं. आईला वाटलं, तेही पूजेतलंच. तिने भक्तिभावाने कवटीच्या कपाळाला कुंकू लावलं. मी तोंडाला पदर लावून हसले.

वडिलांनी कागद उचलला आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "हाई काय शे?"

शिकवणी घेतल्यासारखं मी सांगितलं, की माणसाचं आयुष्य धोट्यासारखं झरकन निघून जातं, असा याचा अर्थ आहे.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. आता शाबासकी येणार म्हणून मी, चाळिशीची बाई, शाळकरी पोरीसारखी उभी होते.

"धोटा कोठे निघी जास? जास नि परत येस," ते म्हणाले. "तीस वरीस तेच देखं मी. मनी जिंदगी परत ऊनी का?"

त्यांची जिंदगी काही परत आली नव्हती, तरी मला रागच आला. मी म्हटलं, हे चित्र काढणाऱ्याचं म्हणणं आहे, माझं नाही.

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

"काढनारानी माग चालाडा नहीं, तेले काय म्हनू? पन तू तं मनी पोर शेस ना?"