अर्धे चढलेले फोटो

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले होते. ज्याची वेबसाइट आहे त्याला स्वतःच बातमी लिहिता यावी, फोटो टाकता यावेत, अशी एक प्रणाली आम्ही बनवत होतो. त्यातलं फोटो टाकायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. फॉर्मवर 'फाईल निवडा' हे एक बटण आणि त्याखाली 'पाठवा' हे दुसरं, बघणाऱ्याला एवढंच दिसतं. पण आलेली फाईल खरंच फोटो आहे की भलतंच काही, केवढी मोठी आहे, त्याच नावाची दुसरी आधीपासून तर नाही, हे सगळं पलीकडे तपासावं लागतं. ते मी लिहीत होते.

ऑफिसातून सगळं झकास चालायचं. साहेब म्हणाले, "इथून चालणारच. इंटरनेटची लाईन जिथे सगळ्यात खराब आहे तिथून कोणी पाठवून बघणारं आहे का?"

"जव्हारहून पाठवतील माझे बाबा," मी लगेच म्हणाले. तेवढ्यानेच माझा दिवस चांगला गेला. जव्हारचं नाव त्या ऑफिसात कोणी मोठ्याने घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं, मग ते माझ्याच तोंडून का असेना.

बाबा जव्हारजवळच्या आमच्या गावात, साखरशेतच्या शाळेत मास्तर. मी घेऊन दिलेला कॅमेरा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला होता. बाजाराच्या दिवशी आई-बाबा जव्हारला यायचे, आणि तिथे बसस्टँडच्या पुढे एक बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. मी त्या बाईंना फोन करून सगळं समजावलं. पहिल्या खेपेला बाबा क्लासच्या फोनवरून बोलत होते आणि मी इकडे पडद्याकडे बघत बसले होते.

"फाईल निवडली. आता?"

"आता 'पाठवा' दाबा, बाबा."

"दाबलं. वाळूचं घड्याळ आलं."

"थांबा तसंच. परत दाबू नका."

"मी कशाला दाबतो. तुझी आई म्हणते, दाबा अजून एकदा."

मागून आईचा आवाज आला, "मी काय बोलले नाय गं!"

तो पहिला फोटो आला. आमच्या घरामागचा डोंगर, वर ढग, आणि फोटोच्या मधोमध आईचं डोकं. केसांचा भांग, कपाळ, कुंकू, डोळे. नाकाच्या खाली सगळं करडं. लाईन मध्येच तुटली होती. फाईल जेवढी पोचली तेवढाच फोटो वरून उलगडला होता आणि बाकीचा राहून गेला होता.

नियमाप्रमाणे अशी अपुरी फाईल तात्पुरत्या फोल्डरात पडते आणि थोड्या वेळाने आपोआप पुसली जाते. पाठवणाऱ्याला 'पुन्हा प्रयत्न करा' असं दिसतं. ते बरोबरच आहे, अर्धा फोटो साइटवर कोण ठेवेल? पण ती पुसायच्या आत मी तिची एक प्रत माझ्याकडे काढून घेतली. जेवायच्या सुट्टीत परत उघडून बघितली. आईच्या मागे जो डोंगर होता त्यावर आमची उताराची वरकस जमीन दिसत होती आणि तिथे नाचणी उभी होती. हिरवी होती की पिवळी पडायला लागली होती, हे त्या फोटोत नीट कळत नव्हतं. मी कितीतरी वेळ तेच बघत होते. कापणी जवळ आली असेल, तर घरात आता विळे बाहेर निघाले असतील, असं काहीबाही डोक्यात येत होतं.

त्यानंतर बाबा दर बाजाराला पाठवू लागले. त्यांच्यामुळे मला बरंच शिकायला मिळालं. एकदा त्यांनी फाईलला मराठीत नाव दिलं, तर माझ्याकडे नुसती प्रश्नचिन्हांची रांग आली. मग येणाऱ्या प्रत्येक फाईलला प्रणालीनेच नवीन नाव द्यायचं ठरवलं. फोटो फार मोठे यायचे, म्हणून पाठवण्याआधी ते लहान कसे करायचे हे मी क्लासच्या बाईंना शिकवलं, त्यांनी बाबांना शिकवलं. तरीही दोनांतला एक फोटो अर्धाच यायचा. जामसरच्या रस्त्यावरची भाताची खाचरं अर्धी. शिरपामाळावर फिरायला आलेल्या शाळेच्या मुलांच्या टोप्या तेवढ्या. आमच्या गाईची शिंगं आणि कान.

मला कामाचा कंटाळा असा कधी आला नाही. पण बाजाराचा दिवस आला की सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारायची, "आज काय आहे?" मी म्हणायचे, "टेस्टिंग."

थंडी पडायला लागली तेव्हा एकदा आईने स्वतःचा फोटो क्लासमध्ये बघितला. म्हणजे मी साइटवर जो चढवून ठेवला होता तो, वरचा अर्धा. साइट अजून चाचणीचीच होती, तेव्हा मीच तिथे साखरशेतचं एक पान करून तो ठेवला होता. बाईंनी मला नंतर फोनवर सांगितलं, की आई आधी हसली, तोंडाला पदर लावून हसली. मग तिने विचारलं, "हे खालचं कुठं गेलं?"

बाबांनी सांगितलं, "फोटो वरून खाली जातो. लाईन तुटली की खालचं राहतं."

"म्हणजे वरचं आधी पोचतं?"

"हो."

"मंग मला वर घ्या ना."

पुढच्या बाजाराला जो फोटो आला त्यात आई घरामागच्या चढावर उभी होती. बाबा खाली, अंगणाच्याही खाली उतरून उभे राहिले असणार. आई फोटोच्या अगदी वरच्या कडेला होती, डोक्याला कड लागेल की काय इतकी वर, आणि तिच्या खाली सगळा उतार, दगड, गवत, आमच्या घराची कौलं. लाईन त्याही दिवशी तुटली. कौलं अर्ध्यावर गेली, अंगण आलंच नाही. पण आई पायापर्यंत आली होती. हात पुढे धरून, माझ्याकडे बघत.

मी ऑफिसात रडले नाही. उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

पुढे वर्षभर तेच चाललं. आई कधी बांधावर, कधी गोठ्याच्या उंच ओट्यावर, एकदा तर मोखाड्याला तिच्या माहेरी गेली होती तेव्हा तिथल्या टेकाडावर. बाबा फोनवर तक्रार करायचे, "मला खाली उभं करून ही वर चढत बसते. माझी मान दुखते."

मग जव्हारला नवीन लाईन आली. फोटो पूर्ण यायला लागले, अंगणासकट. आमची प्रणालीही तयार झाली, गिऱ्हाइकांकडे गेली, चाचणी संपली. मी साहेबांना विचारून साखरशेतचं ते पान तसंच राहू दिलं.

एकदा बाबांचा फोन आला आणि त्यांनी तो आईकडे दिला. आई म्हणाली, "आम्ही इकडून किती पाठवतो. तुझं कधी काय येत नाय."

मला वाटायचं, पाठवायचं ते त्यांनी आणि बघायचं ते मी. उलट्या बाजूने कोणी वाट बघत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी लगेच माझ्या खोलीचे फोटो काढले. कॉट, टेबल, स्टोव्ह, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत. चढवले. बाबांनी ते बाजाराच्या दिवशी स्टुडिओतून कागदावर छापून घेतले आणि घरी नेले.

त्यानंतर आईचा फोन आला.

"खोली चांगली हाये," ती म्हणाली. "पण ह्यात तू कुठं हाईस?"

"मीच काढले ना फोटो, आई. म्हणून मी नाही त्यात."

"मंग दुसऱ्या कुणाला काढायला सांगायचं."

"इथे दुसरं कोण आहे?"

तिच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या, बाबा कोणाला तरी हाक मारत होते.

"कवा येतेस?" आईने विचारलं.

दिवाळीला येते, असं माझ्या ओठावर होतं. ते मी म्हणाले नाही. शनिवारी पहाटे नाशिकची गाडी धरली, तिथून त्र्यंबकवरून मोखाड्याची. मोखाड्याच्या पुढे वळणं सुरू झाली तशी मी पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या सीटवर सरकले. कंडक्टर म्हणाला, "अजून लांब आहे, बसा आरामात."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले.