खांबाने मांडवाचं नाव घेतलं

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी पोरांनी मला विषय दिला : ‘आजोबांचे आवडते हिप-हॉप कलाकार, जुने ते आजचे’. शहात्तर वर्षांचा माळकरी माणूस रॅप ऐकतो, याची त्यांना गंमत वाटते. वाटू दे. यादी देतो. पण मला या यादीतून एकाचा सूड घ्यायचा आहे, तो कुणाचा हे शेवटी कळेल. नावं कुणाचीच लिहिणार नाही. त्याचं कारणही शेवटी.

रॅप मला नवीन नाही. घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ होती तेव्हा मी डबलबारीचा बुवा होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका मांडवात दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. समोरचा बुवा गाण्यातून तुमची चामडी सोलतो, आणि तुमची पाळी आली की तुम्ही त्याची सोलायची. उत्तर तिथल्या तिथे द्यायचं. अडकलात तर लोक गावापर्यंत चिडवतात.

माझं उत्तर कधी अडकलं नाही, कारण ते माझं नसायचं. माझा पखवाजवाला कापडमिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. आवाज फाटका, पण डोकं असं की समोरच्याचं कडवं संपायच्या आत आमचं तयार. थाप मारता मारता माझ्या कानाशी सांगायचा. एकदा समोरचा बुवा जरीचा फेटा बांधून फार मिरवत होता, तेव्हा याने दिलेलं हे :

रंग लावून खांब म्हणतो, मीच मांडव सारा
दोरी सुटली की कळेल बुवा, कोण अडवी वारा

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. आमच्यात रीत अशी की शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. तो त्याचं घालायचा, मी गायचो. पुढे आमची कॅसेट निघाली. रेकॉर्डिंगला मी त्याच्या नावाच्या जागी माझं गायलो. दोघांचीही नावं तीन अक्षरांची. ताल जरासुद्धा हलला नाही.

तो पखवाज वाजवत होता. थांबला नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, “बुवांनू, नाव बरा बसला हां तालात.”

त्यानंतर चार वर्षं तो माझ्या मागे बसला, पण कानाशी एक शब्द सांगितला नाही. मी हरत गेलो. लोकांना मी सांगायचो, घसा बसलाय. तो मुलुंडला राहायला गेला, तिथेच वारला. मी प्रेताला गेलो नाही.

आता यादी. माझी नात गाणी ऐकायची कानातली एक गोळी मला देते, एक स्वतः घेते, आणि मला समजावते. सगळ्यात जुने मला आवडतात ते परदेशातले काळे लोक, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन गल्लीत कार्यक्रम करणारे. तबकडी हाताने मागे ओढून तोच ठेका पुन्हा वाजवायचे. मग त्यांच्यातली एक बाई, एका श्वासात आठ ओळी म्हणते, आमच्या कुठल्याही बुवाचा तेवढा दम नव्हता. मग आपल्याच घाटकोपर-अंधेरीकडची, शिवी देऊन आईला नमस्कार करणारी पोरं. आणि हल्लीची वर्सोव्याची एक मुलगी, कोळी बोलीत मासळी बाजारातल्या दलालाचा असा समाचार घेते की ऐकतच राहावं. ही सगळी माणसं गाण्यात स्वतःचं नाव घेतात, गल्लीचं नाव घेतात. म्हणून ती मला आपली वाटतात.

एक दिवस नातीच्या फोनवर एक गाणं लागलं आणि त्यात मीच गायला लागलो. खांब, मांडव, दोरी. चाळीस वर्षांपूर्वीचा माझा आवाज. खाली धाडधाड ठेका, वर एक पोरगा स्वतःचं नाव ओरडतोय. नावाची शेवटची ओळ कापलेली.

“चोर आहे हा!”

“आजोबा, जुन्या गाण्याचा तुकडा नव्यात घेतात, त्याला सॅम्पल म्हणतात.”

“विचारून घेतलं तर सॅम्पल. याची वाट लावतो.”

दोन रात्री झोप नाही. नातीने त्या पोराचा पत्ता काढला आणि आम्ही त्याच्या अंधेरीच्या स्टुडिओत गेलो. मी काठी बरोबर घेतली होती, चालायला लागत नाही तरी. पोरगा वाकून पाया पडला.

“बुवा, माझ्या वडिलांनी तुमची कॅसेट झिजवलीय.”

“नाव का कापलंस?”

“बीटमध्ये बसत नव्हतं ना.”

“बसत नव्हतं? मी बसवलं होतं ते!”

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. पोराला काही कळलं नाही. तो म्हणाला, “चुकलो. गीतकार म्हणून तुमचं नाव टाकतो. बोल तुमचेच ना?”

नात माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “माझेच.”

त्याने दोन दिवसांत नाव टाकलं. माणसं फोन करायला लागली. आपल्या मंडळाने मुलुंडला माझा सत्कार ठरवला, तो पोरगा पाहुणा. मी कपाटातून फेटा काढून डोक्याला लावून बघितला, जरीचा.

मग एका दुपारी मुलुंडला जाऊन पखवाजवाल्याच्या बायकोचं दार वाजवलं. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. वहिनींनी गाणं ऐकलेलं होतं. पाणी दिलं आणि उभ्याच राहिल्या.

“भावजी, एकदा खाल्लात. आता परत ताट घेऊन इलात?”

“वहिनी, स्मरणिकेत खरं लिहितो. त्याचं नाव छापतो.”

“छापू नकात. लोकांच्या पाठी नाव बदलूक येता, ता तुमकाच म्हायत. गाऊन दाखवा, चार लोकांसमोर.”

म्हणून इथे त्याचं नाव नाही, आणि त्याचं नाही तर कुणाचंच नाही. मंडळाने सत्काराच्या पानावर माझ्याखाली ‘रचनाकार’ छापलंय, ते पेनाने खोडा. ही स्मरणिका तुमच्या हातात पडेल तेव्हा मी स्टेजवर बसलेला असेन. समोर वहिनी असतील, पहिल्या रांगेत. डोक्याला फेटा नसेल. त्या पोराला मी सांगितलंय, ठेका तू दे, शेवटची ओळ मी गाणार आणि ती कापायची नाही. तो म्हणाला, “बुवा, पण मग लोक तुम्हालाच धरतील.”

धरू देत. त्या कडव्यातला ‘बुवा’ आता मी आहे, सूड त्याचाच. आणि यादीतला पहिला कलाकार कोण, ते तीन अक्षरांत ऐकून जा.