गोल्फच्या काठ्यांची टोपडी

माझ्या मावशीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाळांची टोपडी विणली. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला कान्ह्याला माहेरी धाडलं आणि तिथून ती लोणावळ्याला आमच्याकडे आली. शेजारणींना टोपडं तिच्याच हातचं हवं असे. बारशाला मात्र ते बाळाच्या डोक्यावर चढवायला एखादी लेकुरवाळी पुढे व्हायची आणि मावशी मागे उभी राहून घुगऱ्या वाटायची. मला त्या बायकांचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो.

साठच्या दशकातली गोष्ट. वडिलांच्या कचेरीतले साहेब गोल्फ खेळत. त्यांच्या तीन काठ्यांची टोकं जाड लाकडाची होती. आमच्या दमट हवेत ती खराब होत, म्हणून त्यांना लोकरीची झाकणं हवी होती. वडिलांनी मावशीला दोन मुठी जोडून माप सांगितलं.

तेवढ्या मापाची एकच वस्तू तिच्या हातांना ठाऊक होती. तिनं टोपडीच विणली, कानपट्ट्या आणि हनुवटीखाली बांधायच्या बंदांसकट! त्यात तिला मॅटिनीचं वेड. एका टोपड्यावर सिनेमातल्या हिरोचा केसांचा कोंबडा, दुसऱ्यावर हिरॉइनचा मडक्याएवढा अंबाडा नि टिकली, तिसऱ्यावर खलनायकाच्या तलवारकट मिशा. तिघांच्याही गालावर काळ्या लोकरीची तीट.

वडिलांनी कपाळावर हात मारला. "अहो, साहेब मला घरी बसवतील!"

"काठी झाली म्हून काय झालं भावजी? तिलाबी थंडी वाजतीच की," मावशी म्हणाली.

साहेब पोट धरधरून हसले. पुढच्या रविवारी मैदानात त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून ती तिन्ही नटलेली तोंडं बाहेर डोकावत होती. मावशी भाजीला जायची ती मुद्दाम मैदानावरून. एकदा तर साहेबांना थांबवून तिनं खलनायकाचे सुटलेले बंद बांधून दिले.

वर्षभरानं साहेबांची मुलगी बाळंत झाली. बारशासाठी मावशीनं पांढरं टोपडं विणलं आणि बंगल्यावर गेल्या गेल्या सवयीनं घुगऱ्यांचं पातेलं गाठलं.

"तुम्ही इकडे या. बाळाला टोपडं तुम्हीच घालायचं," साहेबांच्या बाई म्हणाल्या.

जमलेल्या बायकांनी वळून पाहिलं. मावशीचा चेहरा उतरला. "मी न्हाई बाई. मला मूलबाळ न्हाई."

बाईंनी कोपऱ्यातल्या गोल्फच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "मग ही तिघं कुणाची?"

सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. पदराला हात पुसत ती पाळण्यापाशी गेली आणि तिनं बाळाच्या डोक्यावर टोपडं चढवलं. तिला डोळे मिटूनही बांधता येणारी ती गाठ त्या दिवशी काही केल्या बसेना. बाई शेजारी उभ्या राहिल्या, पण त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही.