घाटात उतरायचं नाही

आमचे मामा पाहुण्याकडे आधी बघत नसत, त्याच्या सायकलीकडे बघत. पुढचं चाक अंगठ्यानं दाबत, मग मागचं, आणि मगच "ये, बस" म्हणत. मी आईच्या आजारपणाचा निरोप घेऊन गेलो होतो तेव्हाही पहिलं वाक्य तेच होतं, "मागं हवा कमी हाय." हा अंगठा पुढं स्कूटर, रिक्षा आणि एकदा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या मोटारीपर्यंत पोचला. माझं लग्न तरीही झालं.

त्यांची स्वतःची सायकल काळी, उंच, मागं लोखंडी कॅरिअर. नोकरी कचेरीत बसून कारकुनी करण्याची, म्हणून सुट्टी आली की पैठण, अजिंठा सगळं सायकलीवर. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मात्र वेरूळ ठरलेलं. दौलताबादचा दरवाजा ओलांडला की घाट लागतो. तिथं सगळे उतरून सायकल ढकलतात. मामा उतरत नसत. "देवाकडं चालत जावं, नाय तर सायकलीवर जावं. ढकलत काय जायचं?"

सत्तरी आल्यावर मामींनी फर्मान काढलं. "यंदा घाटात उतरलात, तर सायकल भंगारवाल्याला. आन् खोटं बोलायचं नाय."

"कबूल," मामा म्हणाले.

मी तेव्हा पोट कमी करायला एकवीस गिअरची नवी सायकल घेतली होती. पोट अजून आहे. मी मामांना म्हणालो, "तुम्हीपण नवीच घ्या. चढ कळतसुद्धा नाही."

"चढ कळंना, मग गेलास कशाला?" मामा म्हणाले. "आधी मर्ज बघ, मग दवा. मला मागं चार दात जास्तीचे पायजेत, बस."

म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हील थोडं मोठं बसवायचं; चढावर पाय हलके पडतात. सायकलवाल्या मिस्त्रीनं ते मागवलं होतं, पण सोमवारपर्यंत काही येत नव्हतं.

मग मी शहाणपणा केला. रविवारी मामा देवळात गेलेले बघून त्यांच्या सायकलीची सैल चेन काढून कोरी करकरीत बसवून आणली. वर चेनकव्हर, त्यामुळं त्यांना पत्ता लागला नाही.

सोमवारी मीही सोबत निघालो. घाटात पत्ता लागला. झिजलेल्या दातांवर नवी चेन धरत नाही, हे मला कुठं माहीत! जोर दिला की ती कडकड करत घसरायची. तिसऱ्या वळणावर पायडल रिकामंच फिरलं आणि मामा उतरले. कव्हर उघडून त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू?"

"मी."

"नवी आणायची तर चेन आन् फ्रीव्हील दोन्ही आणायची असत्यात रं," एवढंच बोलून त्यांनी सायकल ढकलायला घेतली.

घरी मामी दारातच उभ्या होत्या. "उतरलात?"

"व्हय."

चेनचं नावही मामांनी काढलं नाही. मी मोठ्या एकाग्रतेनं पाणी पीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर दारात भंगारवाल्याचा गाडा आणि मामा पाना घेऊन सायकलीची घंटी सोडवत होते. तेवढी ठेवून घ्यायची होती त्यांना. मग मात्र मला राहवलं नाही. मामींना सगळं सांगून टाकलं.

"काल तांब्याभर पाणी प्यालास," मामी म्हणाल्या, "तवा तोंड नव्हतं व्हय?" आणि गाडा परत पाठवला.

त्याच आठवड्यात फ्रीव्हील आलं. पुढच्या सोमवारी मामा सावकाश, घंटी वाजवत, न उतरता घाट चढले. मला मात्र एकवीसपैकी एकही गिअर वेळेवर सापडला नाही. मी उतरलो. त्यानंतरच्या श्रावणांत मी मोटारीनं गेलो. मामा सायकलीवर, एकटे.

मामा गेल्यावर ती सायकल मामींनी माझ्याकडे दिली. मुलगी म्हणते, "बाबा, ही काढा, नवी घ्या." गेल्या श्रावणात मी तीच घेऊन निघालो. तिसऱ्या वळणावर दम संपला. वेरूळला पोचून मामींना फोन केला.

"उतरलास?"

"व्हय."

"उतरू दे. ते तर शेवटची तीन वर्षं उतरत होते. घरी येऊन खरं सांगायचे."

"मग भंगारवाला?"



"मागं हवा हाय का बघ," मामी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.