टेलर म्हणजे कापणारा

मी इंग्रजी शिकवते, आणि शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही. सकाळी जयलक्ष्मीपुरमच्या कॉलेजात मुलांसमोर बोलून भागलं नाही, की उरलेलं मी संध्याकाळी चामराजपुरमला आमच्या दुकानात येऊन अण्णांना ऐकवते. अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही जातीचे शिंपी. विठोबा आणि सुईदोरा घेऊन कधी काळी म्हैसूरला आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी बोलतो, निदान आमची तशी समजूत आहे.

दसरा तोंडावर आला होता आणि दुकानात ब्लाउजांचा ढीग पडला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्या संध्याकाळी माझ्याजवळ 'टेलर' हा शब्द होता. तो मूळचा इंग्रजांचाही नाही, मी सांगू लागले. त्यांनी तो जुन्या फ्रेंचांकडून उचलला, आणि तिकडे त्याच्या मुळाशी आहे 'कापणं'. त्याच्याही मागं लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ झाडाची छाटलेली काडी, आपण कुंडीत कलम लावतो तशी. रिटेल आणि डिटेल ही त्याचीच भावंडं. आपला दर्जी फारसीतून आला, आणि फारसीत 'दर्ज' म्हणजे शिवण. म्हणजे दर्जी शिवतो आणि टेलर कापतो. आणि मराठी, कन्नड, तमिळ, सगळ्यांनी त्या कापणाऱ्याला नेऊन आपापल्या गल्लीत बसवलंय.

अण्णांची कळी खुलली. "ऐकलंस का ग?" ते आईला म्हणाले. "कापतो तो टेलर! मी सुम्ने सांगत नव्हतो." सुम्ने म्हणजे उगाच, आमच्या मराठीतलं कन्नड.

आई मागच्या मशीनवर होती. लग्न झाल्यापासून ती तिथेच आहे. आमच्या दुकानाची रीतच तशी. टेबल, खडू आणि कातर अण्णांची. शिवण, काजं, हुक, हातशिलाई आईची. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, म्हणून कातर एकाच्याच हातात हवी, असं अण्णांचं म्हणणं. बोर्डावर नाव अण्णांचं, गिऱ्हाईकं माप देणार अण्णांना, आणि शिवण सुरेख आली की शाबासकीही अण्णांनाच. आईनं हातातला दोरा तोडला, मशीनवर कापड झाकलं आणि चप्पल घातली.

"कुठं निघालीस?"

"घरी. मी कुठं टेलर? जो टेलर आहे त्यानंच शिवावं."

अण्णांना वाटलं, थट्टा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आई दुकानात फिरकली नाही, तेव्हा त्यांचं धाबं दणाणलं. ते घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "अग, तेवढे हुक तरी लावून दे."

"हुक कापायचे असतात काय?" आई कोशिंबिरीची काकडी चिरत म्हणाली. मी तोंडात पदर कोंबला.

तिला काय हवंय, हे मला ठाऊक होतं. अण्णा जेवून झोपले की ती जुन्या वर्तमानपत्रांवर ब्लाउजांचे आकार आखून कापायची. बाह्या, गळे, कटोऱ्या, सगळं कागदाचं. नंतर ते तुकडे बंबात जायचे. लहानपणी मला वाटायचं, तो तिचा खेळ आहे.

शेवटी तिनंच सांगून टाकलं. "मला एकदा कापायचंय. घरात नाही, दुकानात, टेबलावर. लोक बघत असताना."

"आणि चुकलं तर?"

"तुमचं कधी चुकलं नाही?"

यावर अण्णांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आई दुकानात परत आली आणि ढीग उपसायला बसली, पण नवराबायकोत बोलणं कामापुरतंच राहिलं. माझी चडफड चालली होती. एवढा शहाणा माणूस, पण कातरीपाशी आला की अडून बसतो!

आयुधपूजेला नेहमीप्रमाणे दुकान धुतलं. मशिनींना शेवंतीचे हार घातले, कातरीला हळदकुंकू लावलं, दारात कोहळा फोडला. त्या रात्री हत्यारं विसावतात, कुणी शिवत नाही. विजयादशमीला सकाळी पहिलं कापड कापायचं ते मालकानं, आणि तो काप सरळ गेला तर वर्ष सरळ जातं, असं आमच्यात मानतात. आजोबांनी तो काप घेतला, त्यांच्यामागं अण्णांनी. त्यामुळे त्या सकाळी आईनं आशा सोडली होती. ती चुरमुऱ्यांचा प्रसाद पुड्यांत बांधत होती.

अण्णांनी कातरीला नमस्कार केला, ती उचलली आणि मूठ आईकडे करून टेबलावर ठेवली. शेजारी पांढरं शर्टाचं कापड ठेवलं.

"कुणाचं हे?" आईनं विचारलं.

"माझं," म्हणाले, आणि दोन्ही हात पसरून गिऱ्हाइकासारखे माप द्यायला उभे राहिले.

आईनं हात पुसून टेप घेतली. छाती, खांदा, बाही. कमरेशी आल्यावर म्हणाली, "पोट आत ओढू नका. उद्या मलाच नावं ठेवाल." अण्णांनी निमूटपणे पोट सोडलं. तिनं खडूनं आखलं, विठोबाचं नाव घेतलं आणि कातर चालवली. जाड कापडाचा तो करकर आवाज एकदाही अडखळला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी मुळीच लपवलं नाही.

अण्णांनी कापलेली पाठ उचलली, उजेडात धरली, कड बोटानं चाचपली. चूक शोधत होते, मला माहीत आहे ना! मग ती घेऊन मागं गेले आणि आईच्या मशीनवर बसले. सवय गेलेली, दोरा ओवायलाच कितीतरी वेळ लागला. पहिलीच टीप वाकडी आली.

"उसवा," आई टेबलावरूनच म्हणाली. त्यांनी उसवली.

तेवढ्यात एक बाई घाईनं पायरी चढून आल्या. जंबूसवारीला, दसऱ्याच्या हत्तींच्या मिरवणुकीला, जायच्या आधी नातीच्या परकराचं माप द्यायचं होतं. दुकानात डोकावून त्यांनी विचारलं, "टेलर इद्दारा?" टेलर आहेत का?

अण्णांनी टिपेवरची नजर काढली नाही. नुसता हात टेबलाकडे केला. "अल्ले इद्दारल्ला," ते म्हणाले. त्या काय तिथंच आहेत.

आईनं गळ्यातली टेप नीट केली. "बन्नी," ती त्या बाईंना म्हणाली, "या."